कोळशाच्या स्मोकरचं तापमान भरकटतं तेव्हा

स्मोकर म्हणजे मांस झाकणाखाली मंद आचेवर, धुरात तासन् तास शिजवायची भट्टी. कोळशाच्या स्मोकरला जोडलेला ऑटोमॅटिक टेंपरेचर कंट्रोलर एकच काम करू शकतो. हवा फुंकायची, नाहीतर फुंकणं थांबवायचं. लोहाराच्या भात्याचंच काम इथे एक छोटा पंखा करतो. हवा मिळाली की निखारे फुलतात आणि तापमान चढतं. चढलेलं तापमान खाली आणायचं मात्र त्याच्याकडे काहीही साधन नाही. तो पंखा बंद करून वाट बघतो, बस. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ आपोआप सापडतं.

हा लेख लिहावासा वाटला कारण इंदूरला आमच्या ओळखीत ज्यांच्या गच्चीवर स्मोकर आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो 200 लिटरच्या ऑइल ड्रमपासून बनवून घेतलाय. कंट्रोलर कोणी बाहेरून मागवलेला, कोणी जेल रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. मटण आठ-दहा तास 110 अंशांवर ठेवायचं असतं आणि तीन तासांनी बघावं तर काटा 160 वर, किंवा 70 वर येऊन निखारे विझत आलेले. मग पहिला संशय कंट्रोलरच्या डबीवर जातो. ती उघडली जाते, सेटिंग बदलली जातात, आणि होतं तेही बिघडतं. खरं तर डबीतलं इलेक्ट्रॉनिक्स सहसा शाबूत असतं. बिघाड असतो तो तिच्या दोन्ही टोकांना: एकीकडे तापमान मोजणारा प्रोब, दुसरीकडे हवेची वाट.

म्हणून सुरुवात प्रोबपासून करावी. कंट्रोलर आंधळाच असतो, प्रोब सांगेल तेच त्याला खरं वाटतं.

प्रोब खरं बोलतो की नाही, हे तपासायला बर्फ आणि उकळतं पाणी पुरतं. पेल्यात बारीक फोडलेला बर्फ भरा, तो भिजेल इतकंच पाणी घाला, ढवळत राहा आणि प्रोबचं टोक मधोमध धरा. आकडा शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे यायला हवा. मग पातेल्यात खळखळ उकळणारं पाणी घ्या, टोक बुडाला लागू देऊ नका. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी 100 ला नाही, 98 च्या आसपास उकळतं. प्रोब 98 दाखवत असेल तर तो अगदी बरोबर आहे, त्यात दोन अंश वाढवायला जाऊ नका. बडोद्याला तोच प्रोब जवळजवळ 100 दाखवेल. दोन्ही चाचण्यांत सारखाच फरक येत असेल, समजा दोन्हीकडे 4 अंश जास्त, तर कंट्रोलरमधल्या ऑफसेटच्या सेटिंगने तो काढता येतो. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक असेल तर एकतर प्रोब खराब झालाय, नाहीतर कंट्रोलरमध्ये प्रोबचा प्रकार चुकीचा निवडलेला आहे.

हा प्रकारही समजून घ्यायला हवा, कारण तीन तऱ्हेचे प्रोब प्रचलित आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीने बिघडतात. स्मोकरच्या तयार कंट्रोलरसोबत बहुतेक वेळा थर्मिस्टर येतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो. दुसरा पीटी-100, त्याचा रोध शून्य अंशाला 100 ओहम आणि 100 अंशांना 138.5 ओहम असतो, म्हणजे उलट, तापमानासोबत वाढतो. तिसरा थर्मोकपल, बहुधा के टाइपचा. त्यात दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जुळवलेल्या असतात आणि उष्णतेमुळे तिथे अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. 100 अंशांना ते जेमतेम 4 मिलिव्होल्ट असतं.

आता बिघाड कसा दिसतो ते बघा. थर्मिस्टरच्या तारा झाकणाच्या कडेखाली चेपून एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्याजवळ येतो, कंट्रोलरला वाटतं की आत भयंकर तापलंय, तो पंखा बंद करतो आणि निखारे विझतात. तार तुटली तर उलट: रोध अमर्याद, म्हणजे आत बर्फासारखं गार, असा त्याचा समज होतो. चांगला कंट्रोलर अशा वेळी एरर दाखवून पंखा थांबवतो, पण स्वस्तातली काही सर्किटं पूर्ण जोरात फुंकत सुटतात. थर्मोकपलच्या तारा मधेच चिकटल्या तर त्याहून फसवा प्रकार होतो. जिथे त्या चिकटल्या तेच नवं टोक बनतं आणि प्रोब तिथलं तापमान दाखवू लागतो. ही जागा ड्रमच्या बाहेर असेल तर आकडा 45-50 असा शहाण्यासारखा दिसतो, एरर येत नाही, आणि आत आग वाढत जाते. म्हणून झाकणाची कड जिथे तारेवर बसते ती जागा आधी बोटांनी चाचपून बघा. तार तिथून काढायचीच नाही, ड्रमच्या भिंतीला वेगळं भोक पाडून, त्यात गुळगुळीत नळी बसवून आत न्यायची, हाच कायमचा उपाय.

थर्मोकपल उलटा जोडला गेला असेल तर ओळख सोपी आहे: तापवाल तसा आकडा खाली जातो. ही चूक होते ती रंगांमुळे. अमेरिकी पद्धतीच्या के टाइप तारेत पिवळी धन आणि लाल ऋण असते. आपल्याकडे लाल म्हणजे प्लस हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे हात आपोआप उलटं जोडतो.

आणि थर्मोकपलची तार लांबवायची असेल तर साध्या तांब्याच्या वायरने लांबवू नका. रामबागेत ओळखीच्या एका काकांच्या गच्चीवर नेमकं हेच झालं होतं. कंट्रोलर 85 दाखवत होता, पंखा सलग घुंऽऽ करत होता आणि काका वैतागले होते. "अरे, सकाळपासून फुंकतोय हा, तरी 85 च्या वर जाईना! कोळसाच खराब दिलाय बघ त्याने." जाळीवर ठेवलेला साधा डायलचा थर्मामीटर मात्र 110 दाखवत होता. तार बघितली तर ड्रमला टेकलेल्या जागी इन्शुलेशन टेपची गाठ, आणि तिथून पुढे तांब्याची वायर. गाठीला हात लावला तर चटका बसला. हिशोब असा आहे की अशा जोडणीत कंट्रोलर खऱ्या तापमानातून गाठीचं तापमान वजा करतो आणि स्वतःच्या जागेचं मिळवतो. आत 110, गाठ 60 वर, कंट्रोलर सावलीत 35 वर: 110 वजा 60 अधिक 35, बरोब्बर 85. म्हणजे कंट्रोलरच्या पडद्यावर 110 उमटेपर्यंत मटण 135 वर भाजलं गेलं असतं. कोळशाचा आणि दुकानदाराचा काहीच दोष नव्हता. के टाइपचीच जोडतार मिळते, तीच वापरायची.

थर्मिस्टरचा आणखी एक शत्रू म्हणजे पाणी. धातूची कांडी आणि तार जिथे जुळतात त्या जोडातून पाणी किंवा वाफ आत शिरली की रोध कमी होतो आणि प्रोब खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. प्रोब नळाखाली धरून घासायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, भांडी घासतो तसं तेही घासलं जातं. ओल्या फडक्याने पुसा, जोडाला पाणी लागू देऊ नका. बर्फ आणि उकळत्या पाण्याच्या चाचणीतही फक्त टोकच बुडवा.

स्वस्तातले भाग घेताना पल्ला बघणं फार गरजेचं. एसटीसी-1000 नावाचा कंट्रोलर बाजारात सगळीकडे मिळतो, दिसायला नेटका, किंमत कमी. पण त्याचा पल्ला 99 अंशांपर्यंतच आहे. डब्ल्यू-1209 ही उघडी सर्किट प्लेट 110 पर्यंत जाते, म्हणजे जिथे आपल्याला काम करायचंय तिथेच ती संपते. फ्रिज आणि अंड्यांच्या इनक्युबेटरसाठी या वस्तू उत्तम आहेत, स्मोकरसाठी नाहीत. तसंच, परदेशी कंट्रोलर असेल तर एकक तपासा. पाककृतीत 225 लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, म्हणजे आपले 107 सेल्सिअस. कंट्रोलर सेल्सिअसवर ठेवून 225 लावलं तर मांसाचा कोळसाच होणार.

प्रोब कुठे ठेवला यालाही तितकंच महत्त्व आहे. गार मांसाला अगदी चिकटून ठेवला तर भोवतालची थंड हवा मोजून तो कमी आकडा देतो. निखाऱ्यांच्या थेट वर धरला तर जास्त. जाळीच्या उंचीवर, मांसापासून चार-पाच सेंटिमीटर लांब, जाळीच्या धातूला न टेकता, ही योग्य जागा. झाकणावरच्या डायलशी त्याचा आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका. झाकण आणि जाळी यांत 15-20 अंशांचा फरक सहज असतो, आणि अन्न जाळीवर असतं.

प्रोब निर्दोष ठरला की हवेकडे वळायचं.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे पंखा बंद असूनही तापमान वाढतंच राहणं. पंखा बंद आहे याचा अर्थ कंट्रोलर त्याचं काम चोख करतोय. हवा दुसरीकडून येतेय. तापलेली हवा धुरांड्यातून वर जाते, आणि तिची जागा भरायला जिथे फट असेल तिथून ताजी हवा आत ओढली जाते. खालचा हाताने उघडायचा व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका, जरासा उघडा राहिला, राख काढायचं दार नीट बसलं नाही, झाकणाची कड वाकडी आहे, एवढंसं कारणही निखाऱ्यांना पुरतं. याची एक भरवशाची परीक्षा आहे. तापमान स्थिर झाल्यावर पंख्याची वायर काढून ठेवा, बाकी काहीही हलवू नका, आणि अर्धा-पाऊण तास बघा. आकडा हळूहळू उतरू लागला तर ड्रम पुरेसा बंद आहे. तो तिथेच राहिला किंवा चढला तर गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय कंट्रोलरचं कोणतंही सेटिंग कामाला येणार नाही.

गळती शोधायला रात्री थंड ड्रमच्या आत टॉर्च पेटवून ठेवा आणि झाकण लावा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून हवा जाते. झाकणाला आणि दाराला सिरॅमिक किंवा ग्लास फायबरची दोरी लावता येते, बारीक फटींना उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन चालतं. इंदूरच्या सियागंज बाजारात दोरी घ्यायला गेलात तर ॲस्बेस्टॉसची आहे का ते स्पष्ट विचारा, आणि असेल तर घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. अन्नाच्या जवळ ती मुळीच नको, कितीही टिकाऊ असली तरी.

एक गळती लवकर ध्यानात येत नाही: खुद्द पंखाच. पंखा थांबला तरी त्याच्या तोंडातून हवा ओढली जाऊ शकते. म्हणून चांगल्या पंख्याच्या पुढे एक पातळ झडप असते, ती वाऱ्याच्या जोराने उघडते आणि पंखा थांबला की पडून बंद होते. धुराचा चिकट थर आणि चरबी बसून ही झडप अर्धवट उघडी अडकते, आणि तापमान चढत राहतं. ती बंद अडकली तर उलट: पंख्याचा आवाज येतो, आत हवा शून्य. झडप काढून गरम साबणाच्या पाण्याने धुणं हे दर काही वेळा स्मोकर लावला की करायचं काम आहे. वर धुरांड्याचं तोंडही बोटभर उघडं असलं तरी पुष्कळ. पूर्ण उघडलं तर ओढ वाढते आणि पंख्याच्या हाती काही राहत नाही. पूर्ण बंदही करू नका, शिळा धूर आत कोंडून मांस कडू होतं.

मालव्यात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पावसाच्या तोंडावर गच्चीवर वारा जोरदार असतो, आणि पंख्याचं तोंड वाऱ्याकडे असेल तर वाराच फुंकणी होतो. ड्रम फिरवून तोंड आडोशाला करा, एवढ्यानेच बरंच निभतं.

दुसरी तक्रार उलटी: पंखा सलग चालू, पडद्यावर 100 टक्के, तरी तापमान घसरतंय. आधी पंख्याच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, कागदाची पातळ पट्टी धरा. ती फडफडायला हवी. नसेल तर झडप, मग ॲडॅप्टर. मल्टिमीटरने व्होल्टेज बघताना पंखा चालू असतानाच बघा. पुष्कळ स्वस्त ॲडॅप्टर मोकळे असताना 12 व्होल्ट दाखवतात आणि भार पडला की 8-9 वर येतात. पंखा थेट 12 व्होल्टला जोडल्यावर नीट फिरतो पण कंट्रोलरवर अडखळतो असं असेल, तर कमी वेगावर सुरुवात करायला त्याला जोर पुरत नाही. कंट्रोलरमध्ये किमान वेगाचं सेटिंग असतं, ते थोडं वाढवा.

हवा व्यवस्थित येत असेल तर दोष निखाऱ्यांचा. खालच्या जाळीची भोकं राखेने आणि चुऱ्याने बुजतात. पोत्याच्या तळाचा बारीक चुरा ड्रममध्ये ओतू नये, चाळून मोठे तुकडेच घ्यावेत. कधीकधी खालचा कोळसा जळून जातो आणि वरचे तुकडे एकमेकांना अडकून कमानीसारखे तरंगत राहतात, खाली पोकळी होते. लांब सळईने हलवलं की ते खाली बसतात. हे करण्याआधी पंखा मात्र जरूर बंद करा, नाहीतर 100 टक्क्यांवर फुंकणारा पंखा आणि अचानक मोकळे झालेले निखारे मिळून पाच मिनिटांत 180 वर नेतील. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल धरतो, पेटताना तडतडतो आणि त्याची बरीच उष्णता वाफ करण्यातच जाते. पोतं घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावं.

तिसरी तक्रार झोक्यांची, तापमान 95 आणि 125 च्या दरम्यान सारखं वर-खाली. इथे पहिल्यांदा कंट्रोलरच्या आतल्या गणिताचा संबंध येतो. बहुतेक चांगले कंट्रोलर पीआयडी पद्धतीने चालतात. पी बघतो की आत्ता किती कमी आहे, आणि त्या प्रमाणात फुंकतो. आय बघतो की बराच वेळ कमी राहिलंय का, आणि हळूहळू जोर वाढवत नेतो. डी बघतो की तापमान किती वेगाने बदलतंय, आणि वेग जास्त असेल तर आधीच हात आखडता घेतो. अडचण अशी की कोळसा उशिरा ऐकतो. हवा दिल्यावर परिणाम दिसायला काही मिनिटं जातात, आणि पंखा थांबला तरी फुललेले निखारे आणखी काही मिनिटं उष्णता देत राहतात. पी खूप तीव्र असेल किंवा पंखा ड्रमच्या मानाने मोठा असेल, तर प्रत्येक वेळी गाडी पुढे निघून जाते.

माझं ठाम मत आहे की आकड्यांना हात लावण्याआधी पंख्याचं तोंड अर्धं झाका. बऱ्याच पंख्यांना सरकपट्टी असते, नसेल तर पत्र्याचा तुकडा स्क्रूने लावा. निम्म्याहून जास्त झोके तेवढ्यानेच शांत होतात. त्यानंतरही राहिले तर पीचा जोर कमी करा, आय आणखी मंद करा, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर किमान अर्धा तास थांबा. काही कंट्रोलरवर ऑटोट्यूनचं, म्हणजे हे आकडे आपोआप ठरवणारं, बटण असतं. ते विजेच्या भट्टीसाठी बनलेलं आहे. ते मुद्दाम तापमान ठरलेल्या आकड्यापलीकडे नेऊन परत खाली येण्याची वाट बघतं, आणि कोळशाचा ड्रम खाली यायला तासभर घेतो. स्मोकरवर ते वापरू नये असंच मी सांगेन.

झाकण उघडलं की काय होतं तेही बघा. प्रोबला गार हवा लागते, आकडा धाडकन 70 वर येतो, कंट्रोलर जीव तोडून फुंकतो, आणि उघड्या झाकणातून आलेली हवा मिळून निखारे पेटून उठतात. झाकण लावल्यावर दहा मिनिटांत 150. काही कंट्रोलर ही अचानक घसरण ओळखून पंखा थोडा वेळ थांबवतात. तुमच्यात ती सोय नसेल तर झाकण उघडण्याआधी पंखा हाताने बंद करा, लावल्यावर तीन-चार मिनिटांनी चालू करा. सुरुवातीलाही असंच. सगळा कोळसा पेटवून मग कंट्रोलर लावला तर तो काहीच करू शकत नाही. न पेटलेल्या कोळशावर थोडेसेच पेटते निखारे ठेवून, तापमान खालून हळूहळू वर येऊ द्यावं.

एक गोष्ट बिघाड नसतानाही बिघाडासारखी दिसते. मांसातला प्रोब 65 ते 75 च्या दरम्यान कुठेतरी येऊन तासन् तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि ते उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आत तापमान चढत नाही. ड्रमचा आकडा 110 वर असेल तर कंट्रोलर ठीक आहे, सेटिंग वाढवू नका, धीर धरा किंवा मांस फॉइलमध्ये गुंडाळा. ड्रमचाच आकडा पंखा बंद असताना एकदम उसळला आणि धूर काळा झाला तर निखाऱ्यांवर चरबी पेटली आहे. सगळे व्हेंट बंद करा, झाकण उघडू नका.

वायफाय तुटणं ही त्यामानाने किरकोळ गोष्ट. बरेचसे कंट्रोलर फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर चालतात आणि राउटर खालच्या मजल्यावर असतो. मोबाइलवर आकडा दिसला नाही तरी पंख्याचं काम डबीतच चाललेलं असतं.

लाइट जाणं मात्र किरकोळ नाही. पंखा थांबतो, नीट बंद केलेल्या ड्रममधले निखारे हळूहळू मंदावतात, आणि अर्धवट शिजलेलं मांस 60 च्या खाली जास्त वेळ राहिलं तर ते खाण्यालायक राहत नाही. राउटरसाठी जे छोटे 12 व्होल्टचे यूपीएस मिळतात, त्यावर कंट्रोलर आणि पंखा दोन्ही चालू शकतात. घेण्याआधी दोघांना मिळून लागणारे अँपिअर आणि प्लगची साइज तेवढी जुळवून बघा. लाइट परत आल्यावर आपला कंट्रोलर स्वतःहून सुरू होतो की बटणाची वाट बघत बसतो, हे मटण चढवण्याआधी एकदा प्लग काढून, परत लावून पाहून ठेवा. आणि पाऊस आला म्हणून ड्रम जिन्यात किंवा काचेने बंद केलेल्या गॅलरीत ओढून आणू नका. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि धूर दिसत नसला तरी तो असतो. उघड्या गच्चीवर वरून पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, एवढाच आडोसा चालतो. कंट्रोलरची डबी पाण्यापासून वाचवायला वेगळी टांगता येते.